थेंब एकीकडे, भेग दुसरीकडे

पाणी आपली जागा सोडू लागले, की मराठी माणूस त्याला एकाच क्रियापदाने वाटेला लावत नाही. नळ ठिबकतो, घागर गळते, माठ पाझरतो, भिंतीत ओल झिरपते, छपरातून टपकते आणि पाइप फुटला तर चिळकांडी उडते. वर्गात हे शब्द समजावून सांगताना मी नेहमी म्हणतो, की यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसवून चालत नाही. ठिबकण्यात थेंबाथेंबांतले अंतर आहे. पाझरण्यात भांड्याच्या अंगभर पसरलेली सूक्ष्म छिद्रे आहेत. झिरपण्यात पाण्याचा आत आत जाणारा संथ प्रवास आहे. हे शब्दवैभव परीक्षेच्या पाच गुणांपुरते असते, अशी माझ्या विद्यार्थ्यांची प्रामाणिक समजूत आहे. परंतु गेल्या वैशाखात आमच्या जालन्यात एका विलायती स्पोर्ट्‌स कारच्या पोटातले पाणी कुठे नाहीसे होते, याचा जो शोध दोन-तीन दिवस चालला होता, त्यात हीच क्रियापदे पान्हे-पकडींसारखी वापरली जाताना मी पाहिली. त्या शोधाची ही हकीकत.

‘जालना सोने का पालना’ अशी आमच्याकडे जुनी म्हण आहे. पेठ मोठी, व्यापार मोठा. पुढे बियाण्यांचा धंदा आला, लोखंडाच्या सळया लाटणाऱ्या गिरण्या आल्या, आणि पाळणा हलता राहिला. पाण्याच्या बाबतीत मात्र त्याची दोरी नेहमीच आखूड! २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातल्या सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. पोटच्या पोरांसारख्या जपलेल्या मोसंबीच्या बागा लोकांच्या डोळ्यांदेखत वाळून गेल्या आणि टँकरमागे हंडे घेऊन धावणे हा घरोघरचा नित्यनेम होऊन बसला. अशा गावात भांड्यातले पाणी कमी झाले, तर ‘गेले कुठे?’ हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

याच जिल्ह्याच्या शेतांमधून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा जोडला जाऊन मुंबईजवळच्या आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. ताशी १२० किलोमीटरांची मुभा असल्यामुळे, ज्या गाड्या आम्ही पूर्वी फक्त चित्रांत पाहत होतो त्या आता आमच्या कपाशीच्या शेजारून सूं करून निघून जातात. त्यांतली एखादी थांबली, तरच तिची आमची गाठ पडायची.

अशीच एक गाडी थांबली, आणि ती नेमकी माझ्या भाच्याची निघाली.

भाचा पुण्याला संगणकाच्या धंद्यात आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने साठवलेल्या पैशांतले बरेचसे मोडून, दुसऱ्या हातची, दोन आसनांची एक विलायती गाडी घेतली. ‘दोनच माणसं बसतात, भाजीची पिशवी ठेवायला जागा नाही, ह्याला गाडी म्हणायचं का रे?’ हे तिच्याविषयीचे माझ्या ताईचे मत. त्यातून गाडीने खोड काढली. दर सातआठशे किलोमीटरांमागे तिच्यातले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रंगीत पाणी, कमी होऊ लागले. जमिनीवर मात्र एक थेंब दिसेना. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपने निदान केले, की ‘हेड गॅस्केट गेलं आहे, इंजिन उतरवावं लागेल’. आणि खर्चाचा जो कागद हातात ठेवला, त्या रकमेत एक साधी नवी मोटार आली असती. एका दलालाने ती ‘आहे तशी’ उचलण्याची तयारी दाखवली. किंमत भंगाराहून थोडी बरी. शनिवारपर्यंत होय की नाही ते सांगायचे होते. मंगळवारी नागपूरहून परत येताना जालन्याच्या अलीकडे समोरचा दिवा पेटला. पोराने शहाणपणा केला. गाडी तशीच न दामटता कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि मला फोन लावला : “मामा, तुमच्या गावात कोणी आहे का हो?”

आमच्या गावात होते.

भात्याचा नातू

पुढचे समजण्यासाठी या गाडीच्या पोटात काय असते ते थोडे पाहायला हवे. तिला सुपरचार्जर होता. नाव भारी असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे : लोहाराचा भाता! निखाऱ्यावर नुसती हवा लागते तेव्हा तो धुमसतो. भात्याने हवा कोंबली की फुलतो. मोटारीचे साधे इंजिन आपल्या दमाने हवा ओढून घेते. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा किंवा पंप तीच हवा दाबून आत ढकलतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त. पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त.

आणि हे नाते नुसते उपमेतले नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्‌स बंधूंनी १८६० मध्ये एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या पाकळ्यांचा जो पंप बनवला, त्याचा उपयोग पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवण्यासाठी होऊ लागला. मोटारीच्या इंजिनात हवा कोंबण्याची कल्पना गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये पेटंटात नोंदवली. पुढे १९२१ मध्ये मर्सिडीज कारखान्याने सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या गिऱ्हाइकांसाठी बाजारात मांडल्या. भट्टीचा भाता असा मोटारीत येऊन बसला. जालन्यासारख्या भट्ट्यांच्या गावाला त्याचे अप्रूप वाटायचे कारण नाही.

मराठी माणसाच्या हातीही हा भाता फार लवकर आला. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कारखान्याच्या सुपरचार्जरवाल्या ‘एसजे’ गाडीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी अंग चढवले होते. आठ सिलिंडर एका ओळीत, आणि कारखाना सांगे तो जोर ३२० घोड्यांचा! १९३० नंतरच्या त्या दशकात आमच्याकडे निम्मे जग बैलगाडीवर चालले होते.

परंतु भात्याला एक खोड आहे. सायकलच्या पंपाने हवा भरून झाल्यावर पंपाच्या बुडाला हात लावून पाहा; चटका बसतो. हवा दाबली की ती तापते. म्हणून या गाड्यांत दाबलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी थंड करावी लागते, आणि त्यासाठी पुन्हा वेगळे पाणी खेळवावे लागते. शिवाय जास्त पेट्रोल जळते त्याची उष्णता निराळीच. जोर वाढला तसा पाण्यावरचा भारही वाढला.

म्हणूनच की काय, सगळ्यांना हा भाता मानवला नाही. बेंटली गाड्यांचे जनक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला विरोध होता. १९३० च्या ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किन यांनी भात्याची बेंटली घेऊन मर्सिडीजला दमवले. पण भात्याच्या दोन्ही बेंटली वाटेत थांबल्या, तो मर्सिडीजही थांबला, आणि जिंकली ती भात्याविना धावणारी बेंटलीच.

पाण्याचा पहारा

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा त्या वायूची उष्णता क्षणभर २००० अंशांच्या वर जाते. आजच्या इंजिनाचे डोके असते ॲल्युमिनियमचे, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. दोघांच्या मध्ये पहारा कोण करतो? तर बोटभर रुंदीच्या वाटांतून सतत फिरणारे पाणी. पेट्रोलमधल्या शक्तीचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा धुराबरोबर जातो, आणि उरलेला तिसरा हे पाणी उचलून रेडिएटरमध्ये नेऊन टाकते.

हे पाणी साधे नसते. त्यात इथिलिन ग्लायकोल मिसळलेले असते. १८५० नंतरच्या दशकात वुर्ट्‌झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने प्रथम तयार केलेला हा गोडसर द्रव १९७ अंशांना उकळतो. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल घेतले तर ते थंडीत उणे ३५ अंशांच्या खालीही गोठत नाही. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना गोठण्याची धास्ती नाही. पण उकळण्याची आहे. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंचीवरच्या जालन्यात उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून मोटारीतले पाणी झाकणाखाली दाबून ठेवतात. बाहेरच्या हवेइतका आणखी एक दाब दिला, की साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरची विद्या ती हीच. आता लक्षात येईल, की गळतीने नुसते पाणी जात नाही, दाबही जातो. आणि दाब गेला की उरलेले पाणी लवकर उकळते. थेंबभर छिद्र दोन्हीकडून घात करते.

पाणी संपल्यावर काय होते, हे दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांइतके कोणाला ठाऊक असणार? ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडालेल्या स्पिटफायर विमानात रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते : बारा सिलिंडर, सुपरचार्जर आणि ग्लायकोलने थंड होणारे. १९४० च्या हवाई लढाईत एखादी गोळी रेडिएटरला लागली, की विमानामागे पांढऱ्या वाफेचा पट्टा उमटे. इंजिन त्या क्षणी ठणठणीत चालू असे. पण आपल्याजवळ आता फक्त काही मिनिटे उरली आहेत, हे वैमानिक ओळखत असे. रस्त्यावरच्या गाडीला उतरायला जमीन शोधावी लागत नाही, एवढाच काय तो फरक. पाण्याविना दामटले, तर डोके वाकते, गॅस्केट जळते, आणि दोन-तीन मैलांच्या घाईपायी सगळे इंजिन हातचे जाते.

प्रश्न, दर्शन, स्पर्शन

अंबड चौफुलीच्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. बी.ए.ला त्याने माझ्याकडे मराठी घेतले होते. त्याचे वडील रेडिएटरवाले. सगळा गाव त्यांना ‘चाचा’ म्हणतो. ट्रकचे पितळी रेडिएटर डाग देऊन जोडण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या तपासणीचे यंत्र म्हणजे सिमेंटचा एक हौद. रेडिएटरची तोंडे बंद करायची, पंपाने हवा भरायची, हौदात बुडवायचे, आणि बुडबुडा कुठून निघतो ते पाहायचे. पोराने संगणकाचा स्कॅनर आणला, नळीच्या टोकावरचा इवलासा कॅमेरा आणला, तरी हौद अजून जागेवर आहे.

गाडी उतरवली तेव्हा संध्याकाळ झाली होती. भाच्याला उत्तराची घाई. त्याने झाकणाकडे हात नेला, तसा चाचांनी तो धरला.

“बाबू, इसको रातभर सोने दो. गरम घोडे के मूँ में हात नई डालते.”

हे वाक्य प्रत्येक मोटारवाल्याने घरात लिहून लावावे. गरम इंजिनाचे झाकण उघडले, की दाब एकदम सुटतो, आतले पाणी त्याच क्षणी उकळते, आणि त्याचा फवारा तोंडावर येतो. त्याने भाजलेली माणसे चाचांनी पाहिली आहेत.

रात्रभर काही करायचे नाही असे ठरले, तरी दोन कामे झाली. एक म्हणजे गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरला. दुसरे म्हणजे प्रश्न. आयुर्वेदात रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन प्रकारची सांगितली आहे. माझ्या विद्यार्थ्याने सुरुवात प्रश्नांपासून केली. पाणी उभ्या गाडीत कमी होते की चालत्या? सकाळी गाडी सुरू करताना मागून पांढरा धूर येतो का? आत बसल्यावर गोड वास येतो का? पायाखालची सतरंजी ओली असते का? पाणी कुठल्या बाटलीतले जाते, मोठ्या की छोट्या?

या शेवटच्या प्रश्नावर भाचा चमकला. गाडीत दोन बाटल्या होत्या : एक इंजिनाच्या पाण्याची, दुसरी सुपरचार्जरची हवा थंड करणाऱ्या पाण्याची. छोट्या बाटलीतले पाणी महिनोन्‌महिने जागचे हललेले नव्हते. “मग अर्धी भीती गेली, सर,” विद्यार्थी मला म्हणाला. “तिथलं पाणी जात असतं, तर ते हवेच्या वाटेने सरळ सिलिंडरमध्ये गेलं असतं. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर यायला आणि पाणी मध्ये असायला एकच गाठ पडली, तर लोखंडी दांडा वाकतो.” सर्वच गाड्यांत या दोन वाटा वेगळ्या नसतात, काहींत एकाच बाटलीतून दोन्हीकडे पाणी जाते, आणि तिथे शोध अधिक कठीण होतो. इथे नशिबाने त्या वेगळ्या होत्या.

सकाळी पुठ्ठा पाहिला. एका बाजूला वाळलेला डाग होता. पण तो बिनरंगी, बिनवासाचा. तो एअरकंडिशनरच्या पाण्याचा. कूलंटचा डाग रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचा असतो. म्हणजे गाडी बाहेर गळत नव्हती.

मग वर्कशॉपने दिलेले निदान हाती घेतले. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचे धड आणि डोके यांच्यामधली पातळ चकती. तिच्या एका बाजूला आग आणि दुसऱ्या बाजूला पाणी. ती फाटली, तर पाणी आगीत तरी जाते, तेलात तरी जाते, नाहीतर आगीचा वायू पाण्यात येतो. पाणी तेलात गेले, तर तेल साय घातलेल्या चहासारखे होते. इथे डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ होते. पाणी आगीत गेले, तर वाफेने धुऊन पिस्टनचा माथा चकाकतो. प्लग काढून कॅमेरा आत घातला, तर सहाही पिस्टन सारखेच काळसर. उरला वायू. त्यासाठी एक सुंदर परीक्षा आहे. काचेच्या नळीत निळा द्रव घ्यायचा, नळी पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर बसवायची, इंजिन चालू करायचे, आणि बाटलीतली हवा त्या द्रवातून ओढायची. ज्वलनाचा वायू असेल, तर निळ्याचे पिवळे होते. आम्ही सगळे त्या नळीकडे टक लावून उभे होतो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. निळे ते निळेच राहिले.

त्या मोठ्या वर्कशॉपच्या कागदावर या परीक्षेचा उल्लेख नव्हता. ती केली असती, तर तो कागद लिहावाच लागला नसता. इंजिन उतरवण्याचा सल्ला देणे सोपे असते. कारण इंजिन उतरवले, की काही ना काही सापडतेच.

ओंजळीतले डबके

आता प्रश्न उलटा झाला. पाणी आत जात नाही, बाहेर पडत नाही. मग जाते कुठे?

गाडी थंड असताना बाटलीच्या तोंडावर हातपंप बसवला आणि झाकणावर लिहिलेला असतो तेवढाच दाब दिला. त्याहून जास्त देऊ नये. चांगल्या नळ्याही फुटतात. काटा पाहत बसलो. वीस मिनिटांत तो हळूहळू, पण निश्चित, खाली आला. रेडिएटर कोरडा, रबरी नळ्या कोरड्या, वॉटर पंपाच्या पोटाखाली कोरडे. चाचा इतका वेळ स्टुलावर बसून होते. ते उठले, बोनेटमध्ये वाकून त्यांनी वास घेतला, आणि सुपरचार्जरच्या मागच्या कडेवरून बोट फिरवले. बोटाला पांढुरकी, नारिंगी झाक असलेली खरपूड लागली.

“सर, गळतं नाही, झिरपतं,” विद्यार्थी म्हणाला. “आणि वाफ होऊन जातं.”

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला यापुढे फार सांगावे लागत नाही. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा सपाट थर. पावसाळ्यात पाणी देवघरात टपकते. पण वर चढून देवघरावरची माती बदलली, तरी टपकणे थांबत नाही. कारण पाणी शिरलेले असते स्वयंपाकघरावर, आणि तुळईच्या अंगाने चालत येऊन देवघरात उतरते. थेंब एकीकडे, भेग दुसरीकडे. मोटारीत तर थेंबही दिसत नव्हता.

या इंजिनात सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन रांगांत, ओंजळ उघडावी तसे तिरपे बसवलेले असतात. त्या ओंजळीवर झाकणासारखा सुपरचार्जर बसतो. आणि त्याच्या खाली, दोन्ही बाजूंच्या धगीत, इंजिनाच्या पाण्याची एक नळी आडवी जाते. तिथून झिरपलेले पाणी जमिनीवर येतच नाही. ओंजळीत साचते, आणि गाडी धावू लागली की तापून उडून जाते. म्हणून पुठ्ठा कोरडा.

खात्रीसाठी पाण्यात चमकणाऱ्या रंगाचे थोडेसे मिश्रण घातले, गाडी फेरी मारून आणली, पुन्हा निववली, आणि कॅमेऱ्याची नळी सुपरचार्जरखालच्या फटीतून आत सरकवली. जांभळ्या दिव्याच्या उजेडात पडद्यावर एक छोटेसे हिरवे डबके चमकले. भाच्याने टाळीच वाजवली. चाचा मात्र म्हणाले, “अभी पानी मिला. छेद कां है?” डबके म्हणजे छिद्र नव्हे, हे त्यांच्या हौदाने त्यांना शिकवले होते.

शुक्रवारी सुपरचार्जर उतरवला. नळी हाती आली ती प्लॅस्टिकची. साच्यातले दोन अर्धुके जोडून केलेली, आणि त्या जोडावर केसाएवढी भेग. थंड असताना ती मिटलेली दिसे. तापली आणि दाब आला, की उघडे. विद्यार्थ्याने अंगठ्याने जरा दाबली, तर तळलेल्या पापडासारखा तिचा तुकडा पडला. वर्षानुवर्षे वरून आणि खालून शेक घेतल्यावर प्लॅस्टिकचे दुसरे काय होणार? हलकी आणि स्वस्त म्हणून अशी नळी बसवतात. बसवणाऱ्याला ती धगीत किती वर्षे काढील हे पाहायला थांबावे लागत नाही.

शनिवारी भाच्याने दलालाला ‘नाही’ कळवले.

नवी नळी मिळेपर्यंत गाडी गॅरेजात उभी राहिली. मधल्या काळात तिथेच एखादा चिकट लेप थापून गाडी पुण्याला न्यावी, असा विचार भाच्याने बोलून दाखवला. विद्यार्थ्याने साफ नकार दिला : लेप सुटला आणि पाण्याच्या वाटेत अडकला, तर रेडिएटरही जाईल. उलट, झाकण उघडलेच आहे तर शेजारच्या त्याच वयाच्या नळ्या, रबरी कडी आणि गॅस्केटेही बदलून घ्यावी, असे त्याने सुचवले. कारण सुपरचार्जर उतरवण्याची मजुरी नळीच्या किमतीहून मोठी असते. शेवटी पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा अडकू नये म्हणून आधी आतली हवा पंपाने ओढून घेतली, आणि मग कूलंट सोडले. पुन्हा दाब दिला. अर्धा तास काटा हलला नाही. बिल झाले ते मूळ अंदाजाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

आपल्या गाडीपुरते

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात सुपरचार्जर नाही, आणि त्यावाचून आपले काही अडलेलेही नाही. पण पाणी सर्वांच्या गाडीत आहे, आणि ते शोधण्याची रीतही तीच आहे : आधी फुकटची परीक्षा, मग स्वस्त, आणि सर्वांत शेवटी महाग. पुठ्ठा, नाक, बोट आणि डिपस्टिक यांना पैसे पडत नाहीत. निळ्या द्रवाला थोडे पडतात. इंजिन उतरवायला लाखो पडतात. कोणी पहिल्याच भेटीत शेवटच्या पायरीविषयी बोलू लागला, तर ‘दाब देऊन पाहिलात का?’ एवढे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी थंड असताना बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहावे. हे पाणी बंद वाटेने फिरते. ते आपोआप संपत नसते. वारंवार कमी होत असेल, तर नुसती भर घालत राहणे म्हणजे ताप मोजायचा सोडून घाम पुसत बसणे होय. बोअरचे पाणी तर घालूच नये. आमच्या काळ्या खडकातून येणारे जड पाणी चहाच्या किटलीत आणि बंबात जो पांढरा थर चढवते, तोच ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढवते. अडल्या वेळी साधे पाणी घालून मुक्काम गाठावा आणि नंतर ते सर्व बदलून घ्यावे. एका जातीच्या कूलंटमध्ये दुसऱ्या जातीचे मिसळू नये. काहींचा चिखल होतो. नुसत्या रंगावरून जात ओळखू नये, गाडीच्या पुस्तकात पाहावी.

चालत्या गाडीत काटा वर चढू लागला, तर एअरकंडिशनर बंद करावा, लवकरात लवकर सुरक्षित कडेला थांबावे, इंजिन बंद करावे, आणि झाकणाला हात लावू नये.

आणि घरात लहान मुले असतील, त्यांनी पुढचे नीट वाचावे. कूलंटची चव गोड असते, रंग सरबतासारखा असतो, आणि ते विष आहे. पोटात गेलेल्या ग्लायकोलपासून शरीरात जे बनते, त्याचे खडे मूत्रपिंडात साचून ते निकामी होते. मुलाच्या पोटात थोडे जरी गेले, तरी वाट न पाहता त्याला इस्पितळात न्यावे, आणि डबाही बरोबर न्यावा. वेळेवर दिले तर त्यावर औषध आहे. कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. गाडीखाली सांडलेले लगेच धुऊन काढावे. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात.

भाऊबीजेला आता लांबच्या बहिणींकडेही लोक मोटारीने जातात. आमच्या जिल्ह्यातून गेलेला रस्ता सरळ आहे, रुंद आहे, आणि त्यावर गाडी चार-चार तास एका दमात पळते. निघण्याच्या आदल्या रात्री गाडीखाली एक पुठ्ठा अंथरा आणि पहाटे, अभ्यंगस्नान झाल्यावर, जाऊन पाहा.